शुक्रवारच्या जहाजात कुणाची टोळी

कल्पना करा, तुम्हाला तीन दिवस समुद्रात जायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या धक्क्यावरून जहाज सुटणार आणि सोमवारी सकाळी परत येणार. अकरा मजले, अठराशे माणसं. तुमच्यापुढे मार्चचे तीन शुक्रवार आहेत, सहा, तेरा आणि वीस. त्यातला एक निवडायचा आहे. निवडण्याआधी तुम्हाला एवढंच कळायला हवं, की यातल्या कुठल्या जहाजावर कुणी मोठा ग्रुप घेऊन येतंय. एखाद्या कंपनीची सातशे माणसं, एखादं लग्न, एखाद्या समाजाचा मेळावा.

काय कराल? वेबसाइट उघडाल. तिथे पोहण्याचा तलाव दिसेल, बुफेचे फोटो दिसतील. हे दिसणार नाही. मग लोकांचे अनुभव वाचाल. कुणीतरी लिहिलेलं असेल की अर्धं जहाज एकाच कंपनीच्या डीलरांनी भरलं होतं, मोठा हॉल दोन दिवस त्यांच्यासाठी बंद, डेकवर त्यांचीच भाषणं, त्यांचीच बक्षिसं. खाली सल्ला असेल, बुक करण्याआधी चौकशी करा. चौकशी कुणाकडे करायची, ते मात्र कुणी लिहीत नाही.

घणसोलीच्या माथाडी वसाहतीत राहणारे भैरू तात्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नेमके इथेच अडले होते. तारीख कळवायची मुदत शनिवारी संपत होती.

तात्यांचं वय चौसष्ट. मूळ गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. मार्केट मुंबईतून तुर्भ्याला आलं त्या सुमाराला ते एकोणीस वर्षांचे होते. गावच्या माणसाबरोबर आले आणि कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी घेतली. तेव्हा घणसोली गावठाणात त्यांच्या गावाची एक खोली होती. भाड्याची, एका आगरी मालकाच्या घरामागची. त्या खोलीत अठरा माणसं. निम्मी झोपायची तेव्हा निम्मी कामावर. जेवण एकत्र, अंघोळीचा नंबर एकत्र, गावाहून आलेलं पत्रही एकत्र, म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. कामावर तर टोळीच. माथाडीत एकटा माणूस नसतो. टोळीला नंबर असतो, मुकादम असतो. ट्रक आला तर तो टोळीचा, तुमचा किंवा माझा नाही. पुढे राजाबाईंना गावाहून आणलं, वसाहतीत स्वतःची खोली झाली, सनी झाला. पण त्रेचाळीस वर्षं तात्यांनी दुपारचं जेवण टोळीत बसूनच केलं.

सांगायचा मुद्दा, तात्यांना एकटं जेवता येत नव्हतं. सवय लागायचा प्रसंगच कधी आला नव्हता.

जहाजाचं तिकीट सनीने काढलं होतं. तो हैदराबादला एका औषध कंपनीत आहे. आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोघांना जहाजातून फिरवायचं त्याच्या मनात होतं. राजाबाईंनी साड्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या. समुद्रात वारा असतो म्हणून एक स्वेटर. जहाज सुटायच्या नऊ दिवस आधी त्यांना पहाटे दम लागला आणि वाशीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. जहाज कंपनीने सहानुभूतीचं पत्र पाठवलं आणि वर्षभरात एकदा तारीख बदलून घ्यायची मुभा दिली.

“तात्या, जाऊन या,” सनी फोनवर म्हणायचा. “घरात बसून बसून काय करणार? आईला पण बरं वाटेल.”

“तिला काय वाटतंय ते तुला सांगून गेली का?”

“तसं नाही हो. तिकीट फुकट जाईल.”

“तू चल की मग.”

“मार्चमध्ये? आमचं ऑडिट असतं तात्या, तुम्हाला माहितीय.”

तात्यांना माहीत होतं. त्यांना जायचंच नव्हतं असंही नाही. पंचेचाळीस वर्षं नवी मुंबईत काढून खाडी तेवढी पाहिली होती. खरा समुद्र, जिथे चारी बाजूंना जमीन दिसत नाही, तो एकदा बघावा असं वाटायचं. अडचण वेगळी होती, आणि ती दिवाळीत सुरू झाली होती.

दिवाळीत सनी आला तेव्हा तो तात्यांना कर्जतच्या एका रिसॉर्टवर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑफिसचा फोन आला. “तुम्ही खाली जाऊन नाश्ता सुरू करा, मी आलोच,” म्हणाला. तात्या खाली गेले. हॉल माणसांनी भरलेला. सगळ्यांच्या मनगटावर निळ्या पट्ट्या. कुठल्याशा विमा कंपनीची चारशे माणसं आली होती. तात्यांनी ताटली उचलली आणि रांगेत उभे राहिले. पोह्यांपर्यंत पोचले तेव्हा वाढणाऱ्या पोराने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

“काका, तुमचा ग्रुप कुठला?”

“ग्रुप न्हाय.”

“मग कोणाबरोबर आहात?”

आणि तात्यांच्या तोंडून निघून गेलं, “मिसेस हायत बरोबर.”

“त्या कुठे आहेत?”

मागची रांग थांबली होती. तात्यांनी मागे वळून पाहिलं. खरोखर पाहिलं, जणू त्या चप्पल घालून येतच असतील. मग त्यांनी ताटली परत चळतीवर ठेवली आणि जिना चढून खोलीत गेले. सनीला सांगितलं, पोटात जरा गुबारा धरलाय.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं. मोठ्या टोळीच्या जेवणात टोळीबाहेरचा माणूस दिसतोच. बाकीच्या गर्दीत तो खपून जातो. जहाजावर तीन दिवस, पाच जेवणं, वर नाश्ते. उतरून घरी जायचीही सोय नाही. म्हणून जायचं तर टोळी नसलेल्या जहाजाने जायचं, हे ठरलं. ते शोधायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी पहिला फोन सोमवारी केला. समोर उत्कर्षा नावाची मुलगी होती. मराठी बोलत होती, त्यामुळे तात्यांना हुरूप आला.

“ताई, सहा तारखेला कुणाचा मोठा ग्रुप हाय का ओ?”

“सर, दुसऱ्या पॅसेंजर्सची माहिती आम्ही देऊ शकत नाही.”

“नाव नका सांगू. हाय का न्हाय तेवढं सांगा.”

“ते पण नाही सर. पॉलिसी आहे. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका, जहाज खूप मोठं आहे.”

मंगळवारी सनीने युक्ती सांगितली. सरळ विचारायचं नाही, आपणच ग्रुप आहोत असं सांगायचं. एवढ्या केबिन मिळतील का विचारायचं. नाही म्हणाले तर समजायचं, आधीच कुणीतरी घेतल्यात. तात्यांनी हे कागदावर उतरवून घेतलं आणि पुन्हा फोन लावला. पुन्हा उत्कर्षाच.

“ताई, आमाला चाळीस केबिनी पायजेत. सहा तारखेला.”

“सहाला कठीण आहे सर. तेराला विचारून सांगावं लागेल. वीसला मिळू शकतील. सर, आवाज ओळखीचा वाटतोय. काल तुम्हीच फोन केला होता ना?”

तात्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

“सर, तुमचा ग्रुप कुठला आहे?”

पुन्हा तोच प्रश्न. कागदावर याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत ट्रकवाल्याला, व्यापाऱ्याला खोटं सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही, पण या मुलीशी खोटं बोलायला जीभ वळेना. “ग्रुप न्हाय ताई. मी एकलाच हाय,” म्हणाले आणि फोन ठेवला. अंदाज तर मिळाला होता, पण तात्यांचा अंदाजावर विश्वास नव्हता. ‘कठीण आहे’ म्हणजे ग्रुप आहे, की नुसतीच गर्दी आहे? वीसला मिळतील म्हणजे आज मिळतील. उद्या कुणी येऊन घेतल्या तर?

बुधवारी सकाळी भाजी चिरताना त्यांना चंद्रशेखर आठवला.

एखादी माहिती लपवली तरी ती नाहीशी होत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी रूपात ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून जातच असते. जहाजावरची अठराशे माणसं तीन दिवस खातात. तो माल तुर्भ्याहून जातो. चंद्रशेखर हा जहाजांना भाजी पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मॅनेजर, आणि त्याची गाडी भरायची ती तात्यांचीच टोळी. निवृत्तीच्या आधीची चार वर्षं तात्यांनी स्वतः ती गाडी भरली होती. सनी ज्याला डेटा म्हणतो तो तात्यांच्या पाठीवरून गेलेला होता.

ते बसने मार्केटला गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. गेटवर कुणी अडवलं नाही, पण कुणी हाकही मारली नाही. टोळीच्या जागी निम्मी पोरं नवी. मुकादम मात्र ओळखीचा, भगवान. तात्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“आरं बापरं! तात्या! लई दिसांनी. मला वाटलं सनीनं हैदराबादला न्हेऊन म्युझियममदी ठिवलं का काय!”

“म्युझियमवाल्यांनी परत पाठिवलं. म्हनले माल जुना हाय पन मोडका हाय.”

पोरं हसली. तात्यांना बरं वाटलं. जेवणाची वेळ होत आली होती. टोळी गोल करून बसत होती, डबे मधोमध उघडले जात होते. इथला एक रिवाज आहे. डबा कुणाचाही असो, खायचं सगळ्यांनी, पण मोकळ्या हाताने गोलात बसायचं नाही. बायको गावी गेलेला माणूससुद्धा निदान चार हिरव्या मिरच्या आणि मीठ पुढे ठेवतो. तात्यांनी बरोबर काहीच आणलं नव्हतं.

“बसा की तात्या.”

“जेवून आलोय रं.” आले नव्हते.

“आवो, तुमाला कशाचा आलाय रिवाज? बसा म्हनतोय न्हवं.”

“मी हजेरीवर न्हाय आता, भगवान. तुमी खावा.”

भगवानने आणखी आग्रह केला असता तर कदाचित बसले असते. पण एका पोराने डब्यातलं काहीतरी पळवलं, त्यावरून दंगा झाला, आणि भगवानचं लक्ष तिकडे गेलं. तात्या गोणीच्या थप्पीला टेकून उभे राहिले. वीस मिनिटं. तिखटाचा वास येत होता.

जेवणानंतर चंद्रशेखर आला. चाळिशीचा, सतत फोनवर. तात्यांना पाहून त्याने फोन बंद केला, ही मोठीच गोष्ट.

“काय तात्या, परत कामाला येताय काय?”

तात्यांनी सगळं सांगितलं. जहाज, तीन शुक्रवार, ग्रुप. रिसॉर्टचं नाही सांगितलं.

“नावं मला पण नाय सांगत तात्या,” चंद्रशेखर म्हणाला. “मला फक्त भाजी सांगतात. कुठल्या तारखेला काय लागेल त्याचा कच्चा कागद महिनाभर आधी येतो, मोठी मागणी असली तर मला शेतावरनं उचलायला टाइम मिळावा म्हणून.”

“भाजीच दाव.”

कागद साधा होता. डावीकडे मालाची नावं, पुढे तीन तारखा. तात्यांनी चष्मा लावला. भगवानही खांद्यावरून डोकावला.

सहा तारखेच्या रकान्यात कांदा निम्म्याहून खाली आला होता. बटाटा फारच थोडा. लसूण नावापुरता. कच्ची केळी, दुधी, तोंडली दुप्पट.

“जैन मंडळी,” तात्या म्हणाले. “हजारबाराशे तरी असत्याल. एवढा कांदा उगी पडत न्हाय.”

“करेक्ट,” चंद्रशेखर हसला. “मी काय बोललो नाय हां.”

तेरा तारखेला कांदा जागेवर होता, पण नारळ तिप्पट. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, छोटा कांदा वेगळा लिहिलेला.

“दक्षिनेकडची कंपनी,” भगवान म्हणाला. “सकाळ, दुपार, सांज, सांबारच.”

वीस तारीख. तात्यांनी बोट वरून खाली नेलं, मग पुन्हा वरून खाली. कांदा रोजचा. बटाटा रोजचा. टोमॅटो, कोबी, फरसबी, सगळं नेहमीसारखं. कुठेच फुगवटा नाही, कुठेच खड्डा नाही. त्या जहाजावर कुणाचीच टोळी नव्हती.

“ईसला जावा,” भगवानने त्यांच्या पाठीवर थाप मारली. “मोकळं जहाज हाय. राजासारकं फिरा. आनी आमाला फोटू पाठवा, पान्यात पाय सोडून बसलेला.”

“जहाजावरनं पाय पाण्यात पोचत न्हायत, येड्या.”

“तुमचे पोचतील. तुमचे लांब हायत.”

पुन्हा हसणं झालं. तेवढ्यात ट्रक लागला. भगवानने हाक दिली आणि सगळी टोळी उठली. ज्याच्या त्याच्या हातात गोणी ओढायचा आकडा आला, पहिली गोणी पाठीवर चढली. तात्यांचे खांदे आपसूक पुढे झाले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाट सोडून बाजूला झाले आणि थोड्या वेळाने कुणाला न सांगता गेटकडे निघाले.

बसमध्ये खिडकी मिळाली. खूश व्हायला हवं होतं. जे कंपनीने सांगितलं नाही, जे इंटरनेटवर नव्हतं, ते त्यांनी एका भाजीच्या कागदावरून काढलं होतं. सनीला फोन करून सांगावं असं वाटलं. लावला, तर तो मीटिंगमध्ये. ‘नंतर करतो’ असा मेसेज आला.

कोपरखैरणे गेलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली. टोळी नाही म्हणजे त्या जहाजावर कोण असेल? जोडपी असतील. पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं असतील. चारचार मित्र असतील. टोळी नसली तरी प्रत्येकाजवळ दुसरं कुणीतरी असेलच. चंद्रशेखरचा कागद गोणीत बोलतो. पाचशे माणसांनी कांदा सोडला तर तो कागदाला कळतो. एका माणसाला एका जेवणाला किती कांदा लागतो? अर्धा. राजाबाई असताना एक कांदा दोघांत चिरायचा. आता अर्धा उरतो, वाटीखाली झाकला जातो आणि दुसऱ्या दिवशी काळा पडतो. तो अर्धा कांदा कुठल्याच कागदावर दिसत नाही. एकट्या माणसांसाठी वेगळी भाजी कुणी मागवत नाही.

घरी येऊन त्यांनी सकाळचीच भाजी गरम केली, पण जेवले नाहीत. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी सनीचा फोन आला.

“तात्या, उद्या लास्ट डेट आहे. ठरलं काय?”

“ईस तारीख मोकळी हाय.”

“अरे वा! कसं शोधलंत?”

तात्यांनी कच्च्या केळ्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं सांगितलं. सनी खूप हसला. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो म्हणाला. मग थांबून म्हणाला, “बाबा, जाल ना पण?”

सनी त्यांना लहानपणापासून तात्याच म्हणायचा, सगळ्या वसाहतीसारखा. बाबा म्हणालेला त्यांना आठवत नव्हता.

“जाईन,” ते म्हणाले.

शनिवारी अकरा वाजता त्यांनी फोन लावला. वाट पाहायला लावणारं संगीत संपलं आणि तोच आवाज आला.

“ताई, मी घनसोलीवरनं. चाळीस केबिनीवाला.”

उत्कर्षा हसली. “बोला सर. आज किती केबिन?”

“एकच. आमची हाय ती. ईस तारीख करा.”

तिने बुकिंगचा नंबर विचारला. तात्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. कळ दाबल्याचे आवाज येत राहिले.

“सर, यात दोन पॅसेंजर आहेत. राजाबाई मॅडमचं...” ती थांबली. समोर बहुधा शेरा उघडला असावा. “सॉरी सर.”

“असूं द्या. ते नाव काढा.”

“त्यांच्या जागी कुणी येणार आहे का?”

“न्हाय.”

“ठीक आहे सर. एक पॅसेंजर. जेवणाची वेळ साडेसात की साडेनऊ?”

“साडेसात.”

“टेबल दोघांचं, चौघांचं की सहाचं? सर, एकासाठी वेगळं टेबल नसतं. तिथे गेल्यावर कुठेतरी ॲडजस्ट करून बसवतात.”

“कुनासंगं?”

“जागा असेल तिथे सर. कुठल्यातरी फॅमिलीबरोबर वगैरे.”

तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर वसाहतीत कुणाच्यातरी गाडीचा रिव्हर्सचा सूर वाजत होता. उत्कर्षाला घाई नव्हती, निदान तिने ती दाखवली नाही.

“सर? वीस तारीख कन्फर्म करू ना?”

“करा.”

“झालं सर. मेसेज येईल तुम्हाला. आणखी काही मदत?”

“एक सांगाल का ताई? ह्ये काय पॉलिसीतलं नसंल. नाव नगं, गाव नगं. त्या दिवशी माज्यासारकी, संगं कुनी नसलेली, एकलीच आलेली मानसं त्या जहाजावर किती असत्याल?”